नही ते नही, पन लिखी द्या

खान्देशातल्या इंटरनॅशनल शाळांचे संस्थाचालक, विश्वस्त आणि प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्याच एका शाळेच्या अ‍ॅडमिशन काउंटरवर मी सहा वर्षं बसले. शाळेचं नाव लिहीत नाही. एकीचं नाव घेतलं की बाकीच्यांना 'आपण सुटलो' असं वाटतं, आणि मला तसं कुणाला वाटू द्यायचं नाही. नोकरी सोडून दोन वर्षं झाली. पगार वेळेवर मिळत होता, दिवाळीला मिठाईचा डबाही मिळायचा, तेव्हा हे पत्र रागातून आलेलं नाही. आलंय ते एका माणसाच्या वाक्यातून. ते वाक्य वर शीर्षकात आहे.

तो माणूस सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतमजूर. तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यातला, शाळेपासून पाच-सात किलोमीटरवरच्या मळ्यात राहणारा. आपल्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं, हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या घरी शेती आहे. जुना हिशेब मिटतो, नव्या सालाची उचल हातात पडते. तो आखाजीच्या तिसऱ्या दिवशी आला. डोक्याला उपरणं, सोबत सहा वर्षांचा मुलगा, अंगात नवा शर्ट, घड्या न मोडलेला. वॉचमनने त्याला गेटवर अर्धा तास उभं केलं होतं, कारण तो डिलिव्हरीवाला नव्हता आणि त्याला पालक म्हणावं असं वॉचमनला वाटलं नव्हतं. आत आल्यावर त्याने काउंटरवर रुमालाची गाठ सोडली. सगळी उचल त्यात होती.

"पयलीमा टाकनं शे पोऱ्याले," तो म्हणाला. मालकाची चिठ्ठीही सोबत होती. मालकाचा नातू आमच्याच शाळेत शिकत होता, दोघं पोरं मळ्यात एकत्र खेळायची, आणि फी कमी पडली तर मी बघतो असं मालकाने चिठ्ठीत लिहिलं होतं.

लक्षात घ्या, हा आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत जागेचा, अर्ज नव्हता. त्याला फुकट काही नको होतं. तो तुमची छापील फी तुमच्या काउंटरवर मोजून द्यायला आला होता.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी आमचा एन्क्वायरी फॉर्म कसा असतो ते सांगते. हा फॉर्म तुम्हाला पाठ असेल, पण बाहेरच्यांनी तो नीट वाचलेला नसतो. मुलाचं नाव, जन्मतारीख इथपर्यंत ठीक. मग वडिलांचा व्यवसाय, आईचं शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात बोलली जाणारी भाषा, वाहन. प्रवेश अर्ज हा नव्हेच, नुसती 'चौकशी'. म्हणून त्याला नंबर नसतो, पोच नसते, आणि तो कुठल्या रजिस्टरला चढत नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने एक अक्षर लिहायचे. 'भा' म्हणजे घरी भाषेची अडचण. 'प' म्हणजे पत्ता. पत्ता वाचून कुठली वस्ती, कुठला मोहल्ला ते कळतं, आडनावावरून उरलेलं कळतं. 'आ' म्हणजे आई शिकलेली नाही. पेन्सिलच वापरायची अशी ताकीद होती. तपासणीला कुणी आलं तर खोडरबर पुरतो.

त्या काउंटरच्या मागे भिंतीवर बहिणाबाईंचा मोठा फोटो होता, हार घातलेला. आसोद्याची लेक, अक्षरओळख नाही, आणि आज आपल्या विद्यापीठाला तिचं नाव. तिच्या फोटोखाली बसून मी सहा वर्षं 'आ' लिहीत होते.

सालदाराच्या फॉर्मवर तिन्ही अक्षरं पडली.

मग मुलाचं 'इंटरॅक्शन' झालं. मुलाखत म्हणायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मी शेजारच्या टेबलावर होते. मॅडमनी पिवळ्या केळ्याचं कार्ड दाखवून विचारलं, "व्हॉट इज धिस?" पोरगा जरा थांबला, कार्डाकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "केय शे." मॅडम पुढच्या कार्डाकडे वळत होत्या, तेवढ्यात त्याने आणखी सांगितलं, "पिकेल शे. पिकेल गाडीमा नही भरतस."

आता हे वाक्य बघा. केळी कच्ची, हिरवी असतानाच कापून ट्रकमध्ये भरतात, पिकलेला घड उत्तरेच्या बाजारात पोचेपर्यंत खराब होतो. हे त्या पोराला माहीत होतं. एका चित्रावरून त्याने वस्तू ओळखली, तिची अवस्था सांगितली आणि व्यापारातला एक नियम सांगितला. मॅडम पुण्याकडच्या, त्यांना 'केय' म्हणजे काय तेच कळलं नाही. शेऱ्यात लिहिलं, 'नॉट रेस्पॉन्सिव्ह'. मला कळलं होतं. माझ्या घरी आजही अहिराणीच बोलतात. मी गप्प बसले.

त्याला सांगितलं, सीट फुल आहेत, वेटिंगवर ठेवतो. वेटिंगची यादी नावाची वस्तू आमच्याकडे कधीच नव्हती. मे महिन्याच्या त्या उन्हात, पारा चव्वेचाळीसच्या वर, तो सायकलवरून चार वेळा आला. "ताई, आमना नंबर कितवा शे?" मी दर वेळी काहीतरी आकडा सांगायचे. चौथ्या वेळी तो आकडा ऐकून हसला. मला वाटतं त्याला कळलं होतं. म्हणाला, "नही ते नही, पन लिखी द्या ताई. मालकले दखाडनं शे."

मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. कागद द्यायचा नाही, असं उत्तर मिळालं. आणि खरं कारणही तिथेच कळलं. "पालकसभेत मालक आणि त्याचा सालदार शेजारी शेजारी बसले तर मालकाला कसं वाटेल, जरा विचार करा." मालकानेच चिठ्ठी दिली होती हे मी सांगितलं. त्यावर पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

हा भेदभाव पैशाचा नव्हता, हे तुम्हाला यातून दिसावं. तुमच्या फीचं समर्थन नेहमी एकच असतं. ज्याला परवडतं त्याने यावं, बाजार खुला आहे. तर मग खुला ठेवा. ज्याला परवडत होतं तोही तुम्हाला नको होता.

आता कायदा. तो तुमच्या वकिलांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, पण पालकांना नाही, म्हणून इथे लिहिते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १३ प्रमाणे शाळेला प्रवेश देताना कॅपिटेशन फी, म्हणजे ठरलेल्या फीवरची देणगी, घेता येत नाही आणि मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावता येत नाही. चाळणी म्हणजे काय, तेही कायद्याने सांगून ठेवलंय. एका मुलाला सोडून दुसऱ्याला घेण्याची कुठलीही रीत, सोडतीसारखी निव्वळ योगायोगाची सोडून. म्हणजे मुलं जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाका, बाकी सगळं चाळणीत मोडतं. इंटरॅक्शन म्हणा, फन अ‍ॅक्टिव्हिटी म्हणा, 'पेरेंट्स के साथ चाय' म्हणा. पहिल्यांदा सापडलात तर २५ हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. कॅपिटेशन फीला घेतलेल्या रकमेच्या दहापट. त्या फीविरुद्ध तर महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९८७ पासून आहे. आणि 'इंटरनॅशनल' हा काही बोर्ड नाही. पाटीवर लिहिता येतो असा तो एक शब्द आहे. आत सीबीएसई असो, केंब्रिज असो की जिनिव्हाची आयबी, अल्पसंख्याक शाळा सोडल्या तर, शाळा या मातीवर आहे तोवर हा कायदा तिला लागू आहे. अनुदान घेत नाही म्हणून सुटका नाही, विनाअनुदानित शाळाही कायद्याच्या व्याख्येत नाव घेऊन बसवलेली आहे.

यातली पळवाट मला काउंटरवर बसूनच कळली, आणि ती हुशारीची आहे हे कबूल करते. कायद्यात 'बालक' म्हणजे ६ ते १४ वर्षांचं मूल. नर्सरीतलं तीन वर्षांचं पोर त्यात बसत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१३ साली हेच म्हटलं की वंचित-दुर्बल घटकांसाठी राखीव पंचवीस टक्क्यांच्या जागा सोडल्या तर नर्सरीच्या बाकी प्रवेशांना हा कायदा लागत नाही, आणि सरकारने कायदा बदलण्याचा विचार करावा असंही सुचवलं. म्हणून तुम्ही सगळी चाळणी नर्सरीत उरकता. सीनियर केजीची मुलं सरळ वर सरकतात, पहिलीला जागाच उरत नाही, आणि 'पहिलीला आम्ही कुणाची मुलाखत घेत नाही' असं छातीठोक सांगता येतं. कायदा ज्या दारावर उभा आहे ते दार तुम्ही आतून भिंत घालून बंद केलंत आणि पाहुण्यांना मागच्या दाराने घेताय. सालदार पहिलीला आला तेव्हा 'मोजक्या जागा शिल्लक' अशी पाटी आमच्याच गेटवर होती, तेवढी आमची अडचण झाली.

पंचवीस टक्क्यांचं तर विचारूच नका. पहिलीच्या पटाच्या चौथ्या हिश्श्याइतक्या जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना. या तरतुदीविरुद्ध खासगी शाळा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १२ एप्रिल २०१२ रोजी हरल्या. अल्पसंख्याक शाळांना मात्र सूट मिळाली, आणि त्यानंतरच्या एका बैठकीत 'आपल्याला भाषिक अल्पसंख्याक दर्जा मिळू शकेल का' अशी चर्चा मी स्वतःच्या कानांनी ऐकली. चहा मीच नेला होता. मग ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने तुमच्या मनासारखी अधिसूचना काढली. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून मोकळीक. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा कुठल्या गावात नाही? म्हणजे झालं, सगळेच मोकळे. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी पेढे आले होते. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलैला अधिसूचना रद्दच केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. पण तोवर जून उलटून गेला होता. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा काढून बसलेले लोक रोज काउंटरवर विचारायला यायचे, आणि आम्ही सांगायचो, वरून काही आलेलं नाही. ते वर्ष ज्यांच्या पोरांचं पहिलीचं होतं त्यांना ते कुणी परत आणून दिलेलं नाही.

तुमची बाजूही लिहिते, नाहीतर पत्र एकांगी होईल. आरटीईच्या मुलामागे सरकार जी प्रतिपूर्ती देतं ती वर्षाला १७,६७० रुपयांच्या घरात, आणि तीही वर्षानुवर्षं थकते. अकाउंट्सच्या टेबलावर त्या थकबाकीची फाईल माझ्या उंचीएवढी नसली तरी कमरेएवढी होती. शिक्षकांचे पगार, बसचं डिझेल, मे-जूनमधलं लाइट बिल यांना थकबाकी चालत नाही. हा अन्याय तुमच्यावर होतो, आणि त्यासाठी तुम्ही मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्यात, मीही सही करेन. फक्त सरकारचं येणं सहा वर्षांच्या पोराकडून वसूल करू नका.

कारण तुम्ही ते वसूल करता. हजेरीपत्रकात त्या मुलांच्या नावापुढे लाल 'आर'. त्यांच्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वेगळा. वर्गात येऊन 'आरटीईची मुलं उभी राहा, फॉर्म घ्यायचाय' असं सांगणारी मीच होते. एकदा एका मुलीने उठायचं टाळलं, बेंचखाली पेन शोधत राहिली, मी जाईपर्यंत शोधत राहिली. मला तिचं नाव माहीत होतं. मी हाक मारली नाही, एवढंच काय ते चांगलं काम माझ्या नावावर.

नंदुरबारचे संस्थाचालक हे वाचत असतील तर त्यांना एक वेगळं विचारायचंय. तुमच्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. घरात भिली, पावरी, अहिराणी, गुजराती. 'घरी बोलली जाणारी भाषा' हा रकाना तुम्ही तिथे कुणासाठी ठेवलाय? इंग्रजी लिहिणारे किती निघतात?

आणि एक आई होती. मुलाच्या कानात मशीन. आमच्या मॅडमनी किती गोड आवाजात सांगितलं तिला, "आमच्याकडे स्पेशल टीचर नाही हो, तुमच्याच बाळाला त्रास होईल." आई थँक यू म्हणून गेली. नकार दिला आणि आभार घेतले. दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, असं मान्यताप्राप्त शाळांना २०१६ च्या कायद्याने बांधलंय. तिला ते माहीत नव्हतं, मॅडमना माहीत होतं की नाही, सांगता येत नाही. पण बघा, इथेही कागद नाही. तोंडी, गोड, आणि संपलं.

माझं सगळं म्हणणं या कागदाभोवती आहे. सहा वर्षांत मी शेकडो लोकांना परत पाठवलं आणि त्यातल्या एकालाही नकार लेखी दिला नाही. शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची तर पहिला प्रश्न येतो, अर्ज केल्याचा पुरावा काय? शाळेने नाही म्हटल्याचा पुरावा काय? पुरावा नसतोच, कारण तुम्ही अर्जाला चौकशी म्हणता, नकाराला वेटिंग म्हणता आणि मुलाखतीला गप्पा. सालदाराला कायदा माहीत नव्हता. पण दुखणं नेमकं कुठे आहे ते त्याला चार फेऱ्यांत कळलं होतं. मला सहा वर्षं लागली.

माझ्याविषयीही लिहायला हवं. माझी मुलगी त्याच शाळेत शिकली, स्टाफ कन्सेशनवर. तिला कुणी केळ्याचं कार्ड दाखवलं नाही, तिच्या फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिल लागली नाही. कायद्याच्या शब्दाने बघायला गेलं तर तीही सोडतीशिवाय दिलेली जागा होती. म्हणजे मी वर ज्याला चाळणी म्हटलं तिच्या वरच्या बाजूला मी बसले होते, आणि आज हे पत्र लिहिणं सोपं जातंय कारण तिची दहावी झाली. हे तुम्ही म्हणण्याआधी मी म्हणून टाकते.

तुमच्याकडून फार काही मागत नाही. एन्क्वायरी फॉर्ममधून आईचं शिक्षण, घराची भाषा, व्यवसाय हे रकाने काढा. प्रवेश झाल्यावर हवं तर विचारा, तेव्हा ती माहिती मुलाच्या कामाची असेल. प्रत्येक अर्जाला नंबर घाला आणि पोच द्या. नर्सरीला जागा किती, अर्ज किती, हे गेटवरच्या फलकावर लिहा आणि सोडत शाळेच्या पटांगणात काढा, पालकांसमोर, एखाद्या पोराच्या हाताने चिठ्ठी उचलून. कायदा नर्सरीला लागत नाही म्हणता ना, मग कायद्याशिवाय करा. गावच्या भिशीतही चिठ्ठी सगळ्यांसमोर उघडतात. आणि ज्याला नाही म्हणायचं त्याला कागदावर नाही म्हणा.

सालदाराचा पोरगा गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेला. तिथल्या गुरुजींना 'केय' कळतं, त्यामुळे मला त्याची फार काळजी नाही. मालकाने आपल्या नातवाला तुमच्याकडून काढलं वगैरे काही झालं नाही, असं काही होत नसतं.

या पत्राच्या प्रती जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांच्या शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवते आहे. कागद कसा असावा असा प्रश्न तुमच्या ऑफिसला पडू नये म्हणून मसुदाही सोबत जोडते. अर्ध्या पानाचा आहे, मराठीत आहे, छापायला रुपयासुद्धा लागणार नाही.

आपली,
एक माजी कर्मचारी, अ‍ॅडमिशन काउंटर

सोबत: मसुदा

अर्ज क्रमांक ______
दिनांक ______

श्री. / श्रीमती ______ यांस,
आपला पाल्य ______ याच्या / हिच्या इयत्ता ______ मधील प्रवेशासाठी आपण दिनांक ______ रोजी अर्ज केला. या इयत्तेत एकूण जागा ______ असून एकूण ______ अर्ज आले. सोडत दिनांक ______ रोजी पालकांसमोर काढण्यात आली. आपल्या पाल्यास प्रवेश देता येत नाही. त्याचे कारण:

____________________

प्राचार्यांची सही व शाळेचा शिक्का